खड्गरावांना वाचवलं त्याची गोष्ट

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, नाव घेतलं की तिथलं मंडळ माझ्या दारात येऊन उभं राहील, तर अशा एका जंगलात एक गेंडा राहत होता.

मुलांनो, एक म्हणजे एकच. मागे पुष्कळ होते. नदीकाठच्या चिखलात लोळायला जागा मिळायची नाही, भांडणं व्हायची. पण माणसांना कुणीतरी सांगितलं, की गेंड्याचं शिंग उगाळून प्यालं की अंगात बळ येतं. आता शिंग कशाचं असतं? आपली नखं ज्याची असतात त्याचंच. नखं खाऊन बळ येत असतं तर तुम्ही सगळे एव्हाना पहिलवान झाला असता. पण माणसांना सांगणार कोण? आले, मारलं, शिंग नेलं. एकेक करत सगळे गेले आणि मागे उरले ते आमचे खड्गराव.

खड्गराव स्वभावाने भिडस्त. डोळ्यांनी अधू. वाटेत वारूळ दिसलं तरी 'काय, बरं आहे ना?' म्हणून विचारायचे आणि उत्तर आलं नाही की दिवसभर मनाला लावून घ्यायचे. आपण उठसूट म्हणतो, अमक्याची गेंड्याची कातडी, तमक्याची गेंड्याची कातडी. अरे, ती जाड असते बाहेरून. आतून खड्गराव फार हळवे होते.

त्यांच्या पाठीवर एक साळुंकी राहायची. साळूबाई तिचं नाव. पाठीवरच्या गोचिड्या वेचायच्या आणि खड्गरावांना चार गोष्टी सुनवायच्या, अशी तिची दोन कामं. दुसऱ्या कामाचा तिला उरक जास्त.

आता मी तुम्हाला गेंड्यांची एक रीत सांगणार आहे. हसायचं नाही. जो हसेल त्याला गोष्टीतून उठवीन.

गेंडा वाटेल तिथे शेण टाकत नाही. जागा ठरलेली असते. सगळ्यांची मिळून एकच. पणजोबाने जिथे टाकलं तिथेच पणतूने टाकायचं. आणि तिथे जाताना शेवटची चार पावलं पाठमोरं जायचं, ही मर्यादा. हसलात ना? सांगितलं होतं मी. बरं, या खेपेला सोडतो.

आपल्या गावात चावडी असते ना, तसा तो ढीग म्हणजे गेंड्यांची चावडी. ज्याला नाक आहे त्याला तिथे सगळं कळतं. कोण येऊन गेलं, बाई की बाप्या, वय काय, काल काय खाल्लं, पोट ठीक आहे का, मन ठीक आहे का, लग्न झालंय की व्हायचंय. आपल्याकडे एवढी माहिती काढायला दोन मावश्या आणि एक मध्यस्थ लागतो.

खड्गराव एकटे उरले तरी रोज सकाळी चावडीवर जायचे. नाक लावून हुंगायचे.

"काय नवीन?" साळूबाई विचारायची.

"काही नाही. कालचा मीच आहे," खड्गराव म्हणायचे.

आणि फार वाईट वाटायचं हो त्यांना. आपणच निरोप ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आपणच वाचायचा, किती दिवस चालणार?

एक दिवस मात्र खड्गराव चावडीवर गेले, हुंगलं आणि जागच्या जागी थबकले. पुन्हा हुंगलं. कान हलले. शेपटी वर झाली.

"काय झालं? गेलात की काय?" साळूबाई घाबरली.

"साळूबाई, हे माझं नाही."

"मग कुणाचं?"

"बाईमाणूस आहे," खड्गराव हळूच म्हणाले. "नदीपलीकडची. एकटीच आहे. लव्हाळं खाते. आणि... जरा रागीट आहे."

"आता शेणावरून रागसुद्धा कळतो?"

"नीट चावलेलं नाही. रागारागात जेवते."

त्या दिवशी खड्गरावांनी फक्त कोवळं गवत खाल्लं. प्रत्येक घास नीट चावला. दुसऱ्या सकाळी चावडीवर पाठमोरे गेले आणि अगदी मन लावून उत्तर दिलं. तिसऱ्या सकाळी तिचं उत्तर आलं. तिने कवठ खाल्लं होतं. मग खड्गरावांनीही कवठ खाल्लं, 'मलाही आवडतं' हे कळावं म्हणून. खरं तर कवठाने त्यांचे दात आंबायचे. पण प्रेमात एवढं सोसावं लागतं. तुम्हाला पुढे कळेल.

ती अंधार पडल्यावर नदी ओलांडून यायची. हे उजाडल्यावर जायचे. गाठ कधी पडली नाही. खड्गराव तिला 'पलीकडची' म्हणायचे.

"आता जा ना पलीकडे," साळूबाई मागे लागली. "नदीला पाणी ते कितीसं!"

"असं कसं? आधी नीट ओळख नको का व्हायला?"

"इतकी ओळख मला लग्नाआधी माझ्या नवऱ्याची नव्हती. अजून नाही. जा म्हणते ना!"

शेवटी खड्गरावांनी हिय्या केला. चिखलात लोळून अंगाला छान लेप दिला. "उद्या जातो," म्हणाले.

आणि उद्या मंडळ आलं.

त्या जंगलात कोल्होबा चिटणीस नावाचे एक गृहस्थ होते. नावाप्रमाणे कोल्हे आणि नावाप्रमाणेच चिटणीस. त्यांचं 'माळढोक वाचवा मंडळ' नुकतंच बंद पडलं होतं. का, तर माळढोक उरला नाही. कोल्होबा रिकामे बसले होते. रिकामा चिटणीस फार वाईट, मुलांनो. त्याच्यासमोरून जाऊ नये. खड्गराव अंगाला लेप लावून नेमके समोरून गेले.

"एकच उरलाय!" कोल्होबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं. ते तडक सिंहमहाराजांकडे गेले. महाराज झोपले होते. कोल्होबांनी गेंड्याची सगळी हकीकत सांगितली. महाराजांनी एक जांभई दिली. तोच हुकूम समजण्यात आला.

झालं. 'गेंडा वाचवा मंडळ' उभं राहिलं. मोरपंत अध्यक्ष झाले. मोरपंतांचं काम एकच, कुठेही बोलावलं की पिसारा फुलवायचा. बाकी सगळं कोल्होबा बघणार.

खड्गराव नदीच्या वाटेला लागले होते. मंडळाने त्यांना मध्येच गाठलं आणि हार घातला.

"खड्गराव, आजपासून तुमचा जीव तुमचा राहिला नाही!" कोल्होबा म्हणाले. टाळ्या झाल्या.

"म्हणजे?" खड्गराव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही जंगलाचा ठेवा आहात. कुठे निघाला होतात?"

"पलीकडे." खड्गराव लाजले. "एकांना भेटायला."

"आणि बुडलात तर? छे छे! आम्ही काय तोंड दाखवायचं?"

त्याच दुपारी त्यांच्या गळ्यात घंटा बांधली. ठेवा कुठे आहे ते मंडळाला कळायला नको? शिवाय चार तरसं पहाऱ्याला दिली. खड्गरावांनी पाण्यात पाय घातला की घंटा वाजायची. घंटा वाजली की तरसं धावायची आणि त्यांना मागे ओढून आणायची. खड्गराव ओशाळून 'चुकलं' म्हणायचे. भिडस्त माणसाचं असंच होतं.

घंटेचा ठणठणाट आणि तरसांचं खिदळणं ऐकून पलीकडचीने अलीकडे यायचं बंद केलं. पण बाई हुशार. तिने समोरच्या काठावर, बरोबर चावडीच्या समोर, नवा ढीग घातला. वारा नदीवरून वाहायचा. तिचं इकडे यायचं, यांचं तिकडे जायचं. बोलणं चालू राहिलं. खड्गराव वाऱ्याकडे तोंड करून तासन्‌तास उभे राहायचे.

"ध्यान लागलंय," तरसं म्हणायची.

मग मंडळाची दुसरी बैठक भरली. चोर कशासाठी येतात? शिंगासाठी. मग शिंगच नसलं तर? "वा, काय डोकं चाललंय!" मोरपंत म्हणाले आणि त्यांनी पिसारा फुलवला. दुसऱ्या दिवशी सुतार आला. सुतारपक्षी हो. त्याने शिंगाच्या बुडाशी टोकटोक करून भोकं पाडली आणि तरसांनी मोडून काढलं.

दुखलं नाही. नख कापताना दुखतं का? पण खड्गराव पाण्यात आपलं तोंड बघून आले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

"मी शिंगाशिवाय कसा दिसतो?" त्यांनी साळूबाईला विचारलं.

साळूबाई काहीतरी लागट बोलणार होती. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उन्हाळ्यात बरं पडेल."

शिंग कोल्होबांनी सुरक्षित ठेवलं. म्हणजे आपल्या बिळात, दर्शनी भिंतीवर.

पाठोपाठ कुंपण आलं. तीन बाजूंनी बांबू आणि चौथ्या बाजूला नदी. तिथे तरसं. कुंपणाच्या दारावर पाटी: 'गेंड्यांसाठी राखीव. इतरांस प्रवेश नाही.'

एवढं सगळं झाल्यावर ते दाखवायला नको का? कोल्होबांनी शेजारच्या जंगलातल्या थोरामोठ्यांना बोलावलं. हत्ती आले, सांबर आले, दोन करकोचे आले. कोल्होबा पुढे होऊन एकेक सुधारणा दाखवत होते. फिरत फिरत सगळे चावडीपाशी आले.

"शी!" हत्तींनी सोंड वर गुंडाळली. "हे काय?"

कोल्होबांनी पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो ढीग. कोल्होबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "काम चालू आहे," ते कसेबसे म्हणाले.

खड्गराव मागून म्हणाले, "अहो, ती आमची..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. पाहुणे आहेत."

दुसऱ्या दिवशी शेणकिड्यांची पलटण आली. ते बिचारे आनंदाने वेडे झाले होते. एवढं मोठं काम त्यांच्या सात पिढ्यांना मिळालं नव्हतं. गोळ्यांमागून गोळे घरंगळत गेले आणि पणजोबांपासूनची चावडी दिवस मावळायच्या आत साफ झाली. जागा सारवली. वर लिंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडलं. मधोमध तुळस लावली आणि पाटी ठोकली: 'येथे शेण टाकू नये. टाकल्यास गेंडा वाचवा मंडळाकडून कडक कारवाई होईल.'

"आणि मी कुठे जायचं?" खड्गरावांनी विचारलं.

कोल्होबांनी कुंपणाचा कोपरा दाखवला. तिथे सपाट दगड बसवले होते. वर गवताचं छप्पर. "खास तुमच्यासाठी. असं साऱ्या जंगलात कुणाकडे नाही."

खड्गराव दगडांवर जाऊन उभे राहिले. चारी तरसं कौतुकाने बघत राहिली. खड्गराव थोडा वेळ थांबले. मग खाली मान घालून परत आले.

नाही झालं, मुलांनो. गेंडा ठरलेल्या जागेशिवाय बसत नाही, त्याला काय करणार? आपल्याला परक्या घरी झोप येत नाही, तसंच ते. दुसऱ्या दिवशी नाही झालं. तिसऱ्या दिवशी नाही झालं. पोट डब्ब झालं. मंडळाने अस्वल वैद्य आणले. अस्वलांनी त्रिफळा दिली, मग एरंडेल दिलं, मग दोन्ही एकत्र दिलं आणि झाडामागे जाऊन उभे राहिले. काही नाही.

पण खड्गरावांना पोटाची काळजी नव्हती. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

गेंड्यांच्या रीतीचा उरलेला भाग सांगायचा राहिला. चावडीवर उत्तर येईनासं झालं, की गेंडा आठ दिवस वाट बघतो. आठ दिवसांत काही आलं नाही, तर समजायचं, तिकडे आता कुणी नाही. मग तो मुक्काम हलवतो आणि पुन्हा त्या काठाला येत नाही. रानात असं वागावंच लागतं. जे गेले त्यांची किती दिवस वाट बघणार?

"साळूबाई," खड्गराव म्हणाले, "ती जाईल हो."

"थांबा, मी सांगून येते तिला." साळूबाई उडाली ती पलीकडे. गवतात पलीकडची चरत होती. तुंगा तिचं नाव. साळूबाई तिच्या पाठीवर उतरली आणि सगळी हकीकत सांगितली. घंटा, तरसं, शिंग, तुळस, एरंडेल.

तुंगाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आईलाही असाच तोंडी निरोप आला होता. 'चला, पलीकडे तुमचे भाऊ आहेत.' गेली आणि खड्ड्यात पडली. शिकारी टपलेले होते. तोंडाने कुणी काहीही सांगेल. शेण खोटं बोलत नाही."

"अहो, पण त्यांना होतच नाहीये!"

"मग मी तरी काय करू?" तुंगा म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. पण साळूबाईला दिसलं, की बाई गवत न चावताच गिळत होती.

साळूबाई तणतणत कोल्होबांकडे गेली. "अहो चिटणीस, गेंडे वाचवायचेत ना? पलीकडे एक गेंडीण आहे. तरुण आहे. यांना सोडा तिकडे, वर्ष-दोन वर्षांत पोरं हुंदडतील."

कोल्होबा शांतपणे म्हणाले, "नदीपलीकडे आपली हद्द नाही."

"हद्द गेली खड्ड्यात! गेंडे नकोत का तुम्हाला?"

"हवेत ना. पण हद्दीतले."

साळूबाईने हे खड्गरावांना सांगितलं. तेव्हा खड्गराव रडले. अगदी मोठ्याने. एवढं मोठं धूड रडायला लागलं की बघवत नाही. तरसांनीसुद्धा खिदळणं थांबवलं. "दोन दिवस राहिले," एवढंच ते म्हणत होते.

आता जंगलात दरसाल शिरगणती व्हायची. हुप्पाजी वानर गणतीप्रमुख होते. हरणं मोजायची ती पळताना, माकडं मोजायची ती हजेरीने. गेंड्यांचं काय? गेंडा बिथरला तर शेपटीसकट तुडवतो. म्हणून हुप्पाजींच्या आजोबांनी फार पूर्वी एक युक्ती काढली होती. गेंडा मोजायचाच नाही. शेण मोजायचं. ताजं शेण किती, त्यावरून गेंडे किती. सुरक्षित आणि शास्त्रशुद्ध.

हुप्पाजी पथक घेऊन आले. चावडीपाशी गेले. पाहतात तो तुळस. सगळं आवार धुंडाळलं. सारवलेलं, शिंपडलेलं, लख्ख. पथकाने आपसांत डोकी हलवली आणि हुप्पाजींनी फांदीवर चढून जाहीर केलं:

"गेंडे शून्य!"

"अहो, शून्य कसे? मी इथे उभा आहे ना!" खड्गराव म्हणाले.

हुप्पाजींनी वाकून पाहिलं. "आपण कोण?"

"मी गेंडा."

"शेण दाखवा."

खड्गरावांनी तुळशीकडे बघितलं.

"बरं, शिंग दाखवा."

खड्गरावांनी कोल्होबांकडे बघितलं. कोल्होबांनी आकाशाकडे बघितलं.

"शेण नाही, शिंग नाही," हुप्पाजी म्हणाले. "अहो, मीही असाच उठून म्हणेन, मी हत्ती. चालेल?"

"मग मी कोण आहे?" खड्गराव रडकुंडीला आले.

पथकाने विचार केला. रंग मातकट. चिखलाची आवड. चार पाय, बारीक डोळे. "डुक्कर," हुप्पाजी म्हणाले. "वाढलेलं."

साळूबाईने वरून जे शब्द वापरले ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या आया मला बोलतील.

कोल्होबा मात्र हबकले होते. गेंडा नाही म्हणजे मंडळ नाही. माळढोकासारखंच! त्यांनी हुप्पाजींना बाजूला घेतलं. 'अहो, हाच तो,' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मोरपंत, ज्यांना आयुष्यात कधी काही सुचलं नव्हतं, ते म्हणाले, "अरेरे! म्हणजे आता स्मारक करावं लागणार."

कोल्होबा जागीच थांबले. स्मारक! स्मारक बुडत नाही. त्याचं पोट बिघडत नाही. ते रडत नाही आणि त्याला पलीकडे कुणी भेटायला नको असतं. कोल्होबांच्या चेहऱ्यावर हळूहळू दुःख पसरलं. चांगलं शोभेल असं दुःख.

"बंधूंनो," ते म्हणाले, "गेंडा गेला."

"अहो, पण मी...!" खड्गराव म्हणाले.

"आणि हे डुक्कर इथे काय करतंय? पाटी वाचता येत नाही? गेंड्यांसाठी राखीव! हाकला त्याला!"

तरसांनी खड्गरावांच्या गळ्यातली घंटा काढून घेतली, कारण ती मंडळाची होती. कुंपणाचं दार उघडलं आणि दिली ढकलून. वर दोघा तरसांनी दगडही मारले. कालपर्यंत हीच तरसं त्यांच्यावरच्या माश्या हाकत होती, बरं का.

खड्गराव बाहेर पडले. दोन पावलं चालले आणि थांबले. मान हलवून पाहिली. आवाज झाला नाही.

"साळूबाई," ते म्हणाले, "घंटा नाही."

"मग बघताय काय माझ्या तोंडाकडे? आठवा दिवस आहे आज! पळा!"

मुलांनो, गेंडा पळायला लागला की काय होतं ते तुम्ही बघितलेलं नाही. एवढा भिडस्त प्राणी, पण त्या दिवशी त्यांनी वाटेतल्या वारुळाला नमस्कारसुद्धा केला नाही. वारूळ आडवं झालं. कुंपणाला वळसा घालून ते नदीवर गेले, पाण्यात उतरले, छातीपर्यंत बुडाले, नाक वर धरून पलीकडे गेले आणि चिखलातून धडपडत काठावर चढले.

तिथे तिचा ढीग होता. खड्गरावांनी नाक लावलं. सकाळचाच होता. त्यात राग नव्हता. त्यात काहीच नव्हतं. 'जाते' एवढंच होतं.

"गेली," खड्गराव म्हणाले आणि मटकन खाली बसले.

साळूबाई उंच उडाली. लांबवर, टेकडीच्या उतारावर, तुंगा पाठ फिरवून चालली होती. "अहो, दिसतेय अजून! हाक मारा!"

"हाकेवर ती थांबणार नाही."

"मग कशावर थांबेल?"

खड्गराव उठले. त्यांना जे कळायचं ते कळलं. ते वळले. शेवटची चार पावलं मागे मागे, पाठमोरे, रीतीप्रमाणे ढिगाशी गेले. समोर नदी होती आणि पाठीशी टेकडी. ही ठरलेली जागा होती. कुणी बघत नव्हतं. पाटी नव्हती.

आणि मग, मुलांनो, आठ दिवसांचं साठलेलं, त्रिफळेसकट आणि एरंडेलासकट, सगळं एकदम मोकळं झालं.

आता हसा. आता परवानगी आहे. साळूबाई आधीच झाडावर जाऊन बसली होती म्हणून वाचली.

तो ढीग नव्हता, ती टेकडीच होती. तेवढ्यात वारा सुटला आणि उताराच्या दिशेने गेला. तुंगा चालता चालता थांबली. नाक वर केलं. त्यात सगळं होतं. घंटा होती, तरसं होती, गेलेलं शिंग होतं, तुळस होती, रोज पाण्यात घातलेला आणि मागे घेतलेला पाय होता. आणि सगळ्यांच्या तळाशी, आठ दिवसांपूर्वीचं, आंबट कवठ होतं.

तुंगा वळली. सावकाश उतार उतरून आली. खड्गराव लाजून भलत्याच दिशेला बघत उभे होते.

"एवढं सगळं बोलायचं होतं?" तुंगा म्हणाली.

"हो," खड्गराव म्हणाले.

"आणि शिंग कुठे आहे?"

"मला वाचवताना गेलं."

"येईल परत," तुंगा म्हणाली. "नखासारखंच असतं ते."

इथे गोष्ट संपवायला हरकत नव्हती. पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. 'मग मंडळाचं काय झालं' म्हणून तुम्ही मला जेवू देणार नाही.

मंडळाने चावडीच्या जागी, तुळस हलवून, दगडाचा गेंडा बसवला. खऱ्यापेक्षा दीडपट मोठा. नाकावर खड्गरावांचं खरं शिंग लावलं. दरसाल तिथे पुण्यतिथी होऊ लागली. मोरपंत पिसारा फुलवायचे. कोल्होबा बोलायचे आणि बोलता बोलता रडायचे. नंतर प्रसाद. लांबलांबून प्राणी यायचे.

तिसऱ्या पुण्यतिथीला कोल्होबा अगदी रंगात आले होते. "बंधूंनो," ते म्हणत होते, "आम्ही काय नाही केलं? पण दैवापुढे कुणाचं चालतं? आता या जगात गेंडा पुन्हा कधी, कधी, कधीही..."

तेवढ्यात समोरच्या काठावरचं गवत हललं. आधी तुंगा बाहेर आली. मागून खड्गराव, पाठीवर साळूबाई. आणि दोघांच्या मधून एक गुबगुबीत पिल्लू, धडपडत, घसरत पाण्यापर्यंत आलं आणि त्याने तोंड बुडवलं.

सगळे नदीपलीकडे बघत होते. मग सगळे कोल्होबांकडे बघायला लागले.

"चिटणीस," हुप्पाजी दबकत म्हणाले, "ते... ते काय आहे?"

कोल्होबांनी पलीकडे बघितलं. त्यांनी ओळखलं हो, न ओळखायला काय झालं? मग त्यांनी दगडाच्या गेंड्याकडे बघितलं. हारांकडे, मांडवाकडे, प्रसादाच्या रांगेकडे बघितलं.

"डुकरं," कोल्होबा म्हणाले. "वाढलेली."

"पण त्या मोठ्यांच्या नाकावर शिंगासारखं काहीतरी..."

"गळू असेल."

हुप्पाजींनी मान डोलावली. त्यांच्या आजोबांची युक्ती खोटी पडण्यापेक्षा ते बरं होतं.

पलीकडे खड्गराव जागच्या जागी ताठ झाले होते. घंटा आठवून त्यांच्या मानेवर काटा आला होता. त्यांनी पिल्लाला सोंडेने नव्हे, गेंड्याला सोंड कुठली, ओठाने हळूच ढोसलं. पिल्लाला आई-वडिलांनी एक धडा अगदी घोकून घोकून शिकवला होता. त्याने पाण्यातून तोंड वर काढलं, अलीकडच्या एवढ्या मोठ्या सभेकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं:

"आम्ही डुकरं आहोत!"

"बघा," कोल्होबा म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि भाषण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं.

तात्पर्य: ज्याला आपला वंश टिकवायचा आहे, त्याने लवकरात लवकर नामशेष झाल्याचं जाहीर करून घ्यावं. आणि कुणी वाचवायला येताना दिसलं, तर बेधडक सांगावं, की आम्ही ते नव्हेच.